घाटातली शिदोरी

४ मार्च, सोमवार

उपास लागला. आजपासून फसिकापर्यंत, म्हणजे ईस्टरपर्यंत, मांस नाही, अंडं नाही, दूध नाही, तूप नाही. आणि शनिवार-रविवार सोडून रोज दुपारची प्रार्थना होईस्तोवर पोटात अन्नाचा कण नाही. पाणी चालतं — आम्हा रायडरांना तेवढी सूट चर्चच्या केशींनी कधीच देऊन टाकलीय.

सकाळी क्लबबरोबर देकेमहारेपर्यंत जाऊन परत. जाताना मजेत. येताना शेवटच्या चढाला दिवा गेला. दिवा जातो म्हणजे पाय असतात, सायकल असते, मधलं काहीतरी नसतं. रस्त्याकडेच्या दगडावर बसलो. क्लबातला इद्रिस मागे वळून आला, पाठीवर हात ठेवला आणि शहरापर्यंत मला ढकलत आणलं. वर तोंड चालूच — "तुमचा उपास म्हणजे चंगळ रे! पाणी काय पिता, दुपारी जेवता काय! रमजानात ये माझ्याबरोबर, म्हणजे कळेल."

म्हटलं, "ढकल गप."

दुपारी आईने तायता — आमची आंबवलेली पोळी — आणि शिरो वाढलं. डाळीचं पीठ, तिखट, कांदा, तेल. पाच तायते खाल्ले. आई बघत होती.

७ मार्च, गुरुवार

आमचे प्रशिक्षक अया गोइतोम, त्यांनी क्लबात सगळ्यांना उभं करून सांगितलं. जूनमध्ये इटलीत डोंगरातली शर्यत आहे. सगळ्या क्लबांतून चढाचा माणूस एकच पाठवणार. निवड १४ एप्रिलला — अस्मारातून उतरायचं गिंडापर्यंत, तिथून वळून परत वर. "पहिला येईल तो जाईल. वशिला नाही, रडारड नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "काय तेकेस्ते, तुझं हे शेवटचं वर्ष. बघ बाबा."

इथे एकदाच लिहितो, पुन्हा लिहिणार नाही: गेलो तर परत येणार नाही. एकोणतीस वर्षांचा झालो. पुढच्या वर्षी क्लबाच्या यादीत नाव नसेल. मग पुन्हा लष्कराची छावणी, नाहीतर कोणाच्या तरी दुकानात वाकडी चाकं सरळ करत बसायचं. गेलेले सगळे परत आले असं नाही. शेजारच्या अल्गानेशमावशीचा मुलगा असाच गेला. दर रविवारी त्याचा फोन येतो. मावशी फोनशी बोलते आणि आमची आई तिच्या शेजारी स्टुलावर बसून असते, दर रविवारी.

वाईट वाटतंय का? नाही. अजून तरी नाही.

८ मार्च

पुन्हा दिवा गेला. या वेळी शहराच्या वेशीपाशी. प्रगती आहे!

१२ मार्च, मंगळवार

आज ठरवून खाल्लं. म्हणजे, खायला बसलो. देकेमहारेला एका हॉटेलात ओळखीचं कोणी नाही असं बघून अंडं-पाव मागवला. एक घास घेतला. तोंडात घोळवला. गिळवेना. थुंकून टाकला, पैसे दिले, उठलो. हॉटेलवाला काळजीने म्हणाला, "अंडं नासकं निघालं का?"

"अंडं बरं होतं. मीच नासका आहे."

यात भक्तीबिक्ती काही नाही. लहानपणापासूनची सवय आहे, एवढंच. मला देवाचं फारसं भय नाही. आईचं आहे.

१३ मार्च, बुधवार

केशी ओक्बाझगींकडे गेलो. आमच्या घरच्यांची पापं ऐकून घेणारे केशी हेच. स्वतः सायकलवेडे. शर्यतीच्या दिवशी प्रार्थना लवकर आटपतात असं लोक म्हणतात, ते खोटं नाही. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "प्रवाशाला, आजाऱ्याला, बाळंतिणीला सूट असते. तू प्रवासीच. सकाळी खा, मी मोकळीक देतो. पण तुपा-अंड्याचं काही म्हणू नकोस, ते माझ्या हातात नाही."

खूश होऊन उठलो. दाराशी पोचलो तेव्हा मागून म्हणाले, "आणि हे बघ — तुझ्या आईला तूच सांग. माझं नाव घ्यायचं असेल तर जरा हळू घे."

घरी येऊन सांगितलं. आई वाटाणे निवडत होती. वरही बघितलं नाही. "केशींनी सूट दिली? छान. मग सकाळचं केशींच्या घरी जेव. माझी चूल दुपारीच पेटेल."

हिवेत हसत सुटली. माझी मोठी बहीण. बेकरीत काम करते, तोंड पावाच्या सुरीसारखं. म्हणाली, "तेके, तू केशींकडे गेलास, पण वरच्या कोर्टात अपील राहिलंच की!"

१५ मार्च, शुक्रवार

सकाळची शिदोरी आता माझी मीच करायची. तिहनी करायची ठरवली. त्यात काय कठीण? जव भाजायचे, दळायचे, मीठ-पाणी घालून मळायचे, गोळे वळायचे. सबंध गल्लीत आईच्या तिहनीसारखी तिहनी नाही. मी तिचाच मुलगा. हातात काहीतरी उतरलं असेल!

काही उतरलेलं नाही. गोळे जर्सीच्या मागच्या खिशात फुटले. पीठ गळत होतं आणि मागचे रायडर ओरडत होते, "अरे, बाजूला व्हा, गिरणी चाललीय!" इद्रिसच्या दाढीत पीठ. खायला उरले दोन गोळे, त्यातला एक आतून कच्चा.

१९ मार्च

खजूर खाऊन बघितले. गोड, लगेच लागू पडतात. दोन चढ नेतात, तिसऱ्याला हात वर करतात.

२० मार्च

केळी. खिशात लगदा झाला. बाकी ठीक.

२३ मार्च, शनिवार

अया गोइतोम म्हणाले, "आमच्या वेळी एका बाटलीत पाणी असायचं, दुसरीत सुवा, जवाची बिअर. घरची, पातळ, गाळून घेतलेली. ताकद म्हणजे ताकद! आणि उपासाला चालते." खरंच चालते. जव आणि पाणी, दुसरं काय असतं त्यात? अल्गानेशमावशीकडून बाटलीभर आणली.

चढ फार सुरेख वाटला. गात होतो म्हणे. उतारावर मात्र प्रत्येक वळणाच्या जागी दोन वळणं दिसायला लागली. मी त्यातलं बरं दिसेल ते घेत होतो. अर्बेरोबूपाशी कठड्यावर माकडं बसली होती. ती मला हसली असं इद्रिस शपथेवर सांगतो.

अया गोइतोमना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "आमच्या वेळची माणसं वेगळी होती." मग जरा थांबून, "त्यातले दोघं दरीत गेले, ते सोड."

२७ मार्च, बुधवार

जवस वाटून, साखर घालून पाण्यात कालवलं. बाटलीत भरलं. घरी प्यायलो तेव्हा मस्त होतं. गिंडाच्या उन्हात फसफसलं. झाकण उघडलं तर — फट्! सगळं तोंडावर. मग घाटभर माश्या सोबतीला. चढताना माश्या मागे पडत नाहीत, कारण मी तेवढा जोरात चढत नाही. हे आज कळलं.

३१ मार्च, रविवार

क्लबात वजन केलं. अया गोइतोमनी काट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ढगात शिरलास तर सापडायचा नाहीस!"

मला दिसतंय काय होतंय ते. खजूर, केळी, साखर — सगळं भुरकन पेटतं आणि विझतं. चुलीत नुसता पालापाचोळा घालतोय, ओंडका नाही. ओंडका म्हणजे तूप. आईचं कढवलेलं तूप, मेथी, हळद, वेलची घातलेलं. ते वरच्या फळीवर मडक्यात आहे, तोंडाला फडकं बांधून. उपास लागायच्या आदल्या दिवशी आई ते बांधते आणि फसिकाला सोडते. मधे त्याच्याकडे बघतसुद्धा नाही.

दुसऱ्या क्लबाचा येमाने आज नफासितच्या चढावर माझ्या पुढे गेला. एकवीस वर्षांचा. मागे वळून "काका, पाणी देऊ का?" म्हणाला. काका!

५ एप्रिल, शुक्रवार

भांडण. मीच काढलं. घाटातून परत आलो, दाराला कुलूप नव्हतं तरी ते उघडेना. आई अंगणात कॉफी भाजत होती. इतके दिवस पोटात होतं ते ओठावर आलं — "तुला मी हरायलाच हवाय ना?"

तिने तवा हलवला. "हो," म्हणाली.

नुसतं हो. वाटलं होतं रडेल, शपथा घेईल, छाती पिटेल. दाणे तडतडत होते. धूर डोळ्यांत जाऊ नये म्हणून तिने मान वळवली आणि म्हणाली, "अल्गानेशचा फोन मी दर रविवारी ऐकते. तो विचारतो, काय जेवलीस. ती सांगते. ती विचारते, तू काय जेवलास. तो सांगतो. मग दोघं गप्प बसतात. मला तसलं संभाषण नको." मग पुन्हा, "जाणाऱ्याला कोण अडवतंय? पण माझ्या घरातून जाशील तो देवाचं राखून जाशील. त्यातून जमलं तर जमलं."

म्हणजे तिला माहीत आहे. मी सांगितलं नव्हतं. कोणालाच नाही.

राग आला? आला, खूप. पण खोटं बोलली नाही, हेही लिहून ठेवतो.

६ एप्रिल

आई बोलत नाही. मीही नाही. मधे हिवेत — "तिला सांग मीठ दे", "त्याला सांग हात आहेत त्याला." हिवेत म्हणते, "मला भाषांतराचे पैसे द्या."

१० एप्रिल, बुधवार

इद्रिसला या शर्यतीतून काही मिळणार नाही. तो सपाटीचा माणूस, करेनचा, चढाला त्याचं अंग जड. तरी माझ्यासाठी पळणार आहे. क्लबाच्या गाडीतून पाणी आणून देणार, वारा अंगावर घेणार, नफासितपर्यंत. विचारलं, का रे? म्हणाला, "तू गेलास की तुझी चांगली चाकं मला." मग म्हणाला, "आणि तू इथे राहिलास तर जन्मभर तुझं रडगाणं ऐकावं लागेल."

येमाने फॉर्मात आहे. अया गोइतोम माझ्याशी फार गोड बोलायला लागलेत. वाईट लक्षण.

१४ एप्रिल, रविवार

जिंकलो.

आता नीट लिहितो. पहाटे उठलो तेव्हा आई चर्चला गेली होती. सायकलच्या हँडलला फडक्याची पुरचुंडी लटकत होती. आत तिहनीचे गोळे, घट्ट, एकसारखे. तिच्या हातचे. मी म्हटलं, चला, बोलत नाही पण करते तरी. खिशात टाकले आणि निघालो. रविवार, त्यामुळे सकाळी खायला कोणाचीच हरकत नाही.

उतारावर काही खाल्लं नाही. हात ब्रेकवरून काढवत नाहीत. गिंडाला वळलो, चढ लागला, पहिला गोळा काढून दात लावला — आणि कळलं.

तूप. नुसतं बोट लावलेलं नाही, चांगलं मुरवलेलं. मेथी, वेलची. तोंडभर वास. फसिकाच्या सकाळी घरभर पसरतो तो वास, आणि फसिकाला अजून दोन आठवडे. मडक्याचं फडकं तिने सोडलं होतं. माझ्या आईने! जिने बाळंतपणातही उपास मोडला नाही असं गल्ली सांगते.

थुंकायला तोंड बाजूला केलं. थुंकलो नाही. का, ते नीट सांगता येणार नाही. त्या दिवशीचं अंडं परक्याचं होतं. हे तिचं होतं. गिळलं. दुसरा गोळा काढला.

इद्रिसने ठरल्याप्रमाणे नफासितपर्यंत पाणी पुरवलं. तिथे त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "जा आता," म्हणाला, "माझं दुकान बंद." पुढे आम्ही चौघं. अर्बेरोबूच्या आधी धुकं आलं आणि दोघं धुक्यातच राहिले. मग मी आणि येमाने. तो पुढे, मी मागे. मी दर थोड्या वेळाने एक घास खात होतो, म्हाताऱ्यासारखा, सावकाश चावून. त्याने एकदा वळून बघितलं. या वेळी काका म्हणाला नाही. शेवटच्या वळणांवर त्याचा दिवा गेला. मला लांबूनच दिसलं — खांदे हलायला लागले, चाक डावीकडे-उजवीकडे. त्याच्या खिशात काय होतं कोण जाणे. खजूर असावेत. त्याच्या बाजूने जाताना मी उरलेला अर्धा गोळा पुढे केला. त्याने वास घेतला, माझ्याकडे डोळे मोठे करून बघितलं आणि मान हलवली. त्याचाही उपास.

वर सगळं शहर रस्त्यावर. पांढऱ्या नेत्सेला पांघरलेल्या बायका ओरडत होत्या. अया गोइतोम रडले. मी त्या पांढऱ्या गर्दीत एक तोंड शोधत होतो. ते नव्हतं.

घरी आलो. आई चुलीपाशी. बोलणं बंद होऊन आठवडा झाला होता. तिने पाठमोरंच विचारलं,

"मीठ बरोबर होतं?"

"होतं."

"बरं."

संपलं. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला काही खवखवत नाहीय. तिला खवखवत असावं. संध्याकाळी प्रार्थनेला उभी राहिली ती बसेचना. हिवेतने दोनदा हाक मारली.

मी हरावं असं तिला वाटत होतं. स्वतःच्या तोंडाने म्हणाली. आणि मडकं सोडलं. या दोन गोष्टी एकाच बाईने केल्या आणि मला दोन्ही खऱ्या वाटतात. झोप येत नाही. पाय दुखतायत म्हणून, असं धरून चालू.

२८ एप्रिल, रविवार — फसिका

पहाटे चर्चमधून आलो. हिवेतने कोंबडीचा रस्सा केला होता, वर झिग्नी — मटण, लालभडक, तुपात पोहणारं. मेसोबच्या टोपलीभोवती आम्ही तिघं, अल्गानेशमावशी आणि केशी. आईने सगळ्यांना घास भरवले. मग स्वतःच्या पुढ्यात थोडं शिरो घेतलं आणि तेच खायला लागली.

हिवेत म्हणाली, "आई, अगं फसिका आहे!"

"भूक नाही."

"मग शिरो कशी खातेस?"

"शिरोची भूक आहे. मटणाची नाही."

केशी चिडले. "लेतेकिदान, सणानंतरच्या या दिवसांत उपास करणं मना आहे. हे पाप आहे. तुम्हाला मी सांगायला हवं का?"

आई शांत. "मी कुठे उपास करतेय, केशी? भूक नसणं पाप आहे का? तसं कुठे लिहिलंय ते दाखवा, मी लगेच खाते." केशींनी रश्श्याकडे बघितलं आणि पुढचा घास घेतला. असल्या बाईशी वाद घालायला देवदूतच हवा.

मग ती माझ्याकडे बघून म्हणाली — सगळ्यांसमोर, साध्या आवाजात — "तेकेस्ते तिकडून परत येऊन या मेसोबपाशी बसला, की मला भूक लागेल. मटणाची, तुपाची, अंड्याची. सगळ्याची. तोवर नाही."

अल्गानेशमावशीने घास खाली ठेवला.

मी जेवलो. भरपूर जेवलो. चव लागली नाही, तरी जेवलो. काय करणार होतो?

३० एप्रिल

तूप खायला घातलं आणि आता बदला घेतेय! एका हाताने दार उघडायचं आणि दुसऱ्या हाताने पायात दोरी बांधायची. नाही येणार. मटणासाठी कोणी आयुष्य सोडत नाही.

१० मे, शुक्रवार

रमजान. आज इद्रिसचा दिवा गेला. पाठीवर हात ठेवून मी त्याला आणला. म्हटलं, "चंगळ आहे बाबा तुमची, सूर्य बुडाला की रात्रभर चरता!" तो बोलायच्या स्थितीत नव्हता. एक शिवी मात्र नीट दिली.

मी सकाळी दूध, अंडी, तूप घालून केलेला हिंबाशा पाव, सगळं खातो. आई स्वतःच्या हाताने करून घालते. चढावर पाय हसतात. आणि ती माझ्यासमोर बसून शिरो खाते.

१७ मे, शुक्रवार

आईचा अंगरखा खांद्यावरून उतरायला लागलाय. तिने टाके घातले. हिवेत मला मोरीपाशी गाठून म्हणाली, "बोल काहीतरी तिला! तुझ्यामुळे चाललंय हे."

काय बोलू? परत येतो म्हणू? ते खोटं होईल. ती माझ्याशी खोटं बोललेली नाही.

"खोटंच बोल," हिवेत म्हणाली. "जेवेल तरी."

नाही बोललो.

२९ मे, बुधवार

उद्या विमान. आईने तिहनीचे गोळे दिले, दोन पुरचुंड्या. या वेळी तूप उघड उघड. मला वाटलं आता रडेल, काहीतरी म्हणेल. म्हणाली, "तिकडचं पाणी बाधेल. आधी उकळून घे." खांद्याला खांदा लावला, गालांची पापी घेतली. तिचं हाड लागलं मला. आतमध्ये काहीतरी तुटलं. ते इथेच राहू दे.

५ जून, बुधवार — इटली

इथे सगळं पाकिटात. चढावर खायला पिळून काढायची गोड चिकटाई. वंगण आहे, साखळीला लावावं. पास्ता नुसता, वर काही नाही. आमच्या अस्मारात याहून बरा मिळतो. मी खिशातून तिहनी काढली तर शेजारचा रायडर म्हणाला, मातीसारखी दिसते. दिला त्याला एक गोळा. दुसऱ्या दिवशी परत मागायला आला.

१३ जून, गुरुवार

शर्यत झाली. नववा. पुढचे आठ जण माझ्याहून तरुण आणि एक-दोन तर वेडे आहेत, उतारावर ब्रेक वापरत नाहीत. तिहनी शेवटच्या चढापर्यंत पुरली.

संध्याकाळी इथल्या एका लहानशा टीमचा मॅनेजर हॉटेलात आला. टक्कल, मोठे हात. माझी इटालियन मोडकी, पण हे समजलं — वर्षभराचं काम आहे, राहायला खोली आहे, कागदपत्रांचं तो बघेल. "मंगळवारी तुमचं विमान. त्याच्या आत सांग."

हेच हवं होतं. सहा वर्षं हेच हवं होतं.

१५ जून, शनिवार

हिवेतला फोन केला. आई चर्चला गेली होती. हिवेत म्हणाली, "शिरो आणि वाटाणे. बास. केशी भांडून गेले, अल्गानेशमावशी भांडून गेली. काल आई जिन्यात बसली होती. म्हणे दम लागला नाही, सहज बसले."

मॅनेजरचं काम आणि मंगळवारची मुदत सांगितली तिला. म्हणाली, "तू ठरव. मी नाही सांगणार." आणि मग, "आईला सांगू का?" म्हटलं, सांग. लपवून काय करायचं.

दिवसभर गावाभोवती सायकल फिरवली. काही खाल्लं नाही, भूक नव्हती. आता मला कळलं भूक नसणं म्हणजे काय ते.

ठरलं. परत जातो. लोक हसतील — घाटाचा राजा आईच्या ताटासाठी परत आला! हसू देत. तिच्यावर भयंकर चिडलोय. एका म्हातारीने पोटाला चिमटा घेऊन मला एवढ्या लांबून ओढून घ्यावं! आणि बरंही वाटतंय. दोन्ही खरं आहे. उद्या मॅनेजरला नाही म्हणून सांगतो.

१६ जून, रविवार

मॅनेजरकडे निघालो होतो, तेवढ्यात हिवेतचा फोन. आईने सकाळी स्वतः मटण आणवलं. स्वतः झिग्नी केली. मेसोब मांडलं, एकटीच बसली, पोटभर जेवली. मग हात धुऊन हिवेतला म्हणाली, "आत्ताच फोन लाव. मंगळवारच्या आत त्याला कळायला हवं. सांग त्याला, मी जेवले."